सत्यभामेची शिट्टी

दोन हजार सोळा साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मारोतीनं बायकोचा उजवा हात मोडला आणि टेंभीझरीत दारूबंदी सुरू झाली.

हात काही तो पहिल्यांदा टाकत नव्हता. पण आजवर जे व्हायचं ते कवाडाच्या आत व्हायचं. या खेपेला बैलाची झूल वाळली नाही एवढ्यावरून त्यानं सत्यभामेला अंगणात ओढलं आणि बैल हाकायची तुतारी तिच्या हातावर घातली. कर म्हणून सारं गाव घरी होतं. हाडाचा आवाज शेजारच्या ओट्यावर ऐकू गेला. पांढरकवड्याहून पलस्तर करून ती परतली तेव्हा अंगणवाडीत सतरंजी अंथरलेली होती, आणि गावातल्या बाया तिची वाट पाहत बसल्या होत्या.

बोलावणं विमलताईंचं होतं. विमलताई म्हणजे गावातले मोठे शेतकरी बबनराव, त्यांच्या घरच्या. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, सगळं घरचं. पण बाई गुर्मीतली नव्हती. गावात कुठंही माणूस गेलं की भाकरीची पहिली टोपली त्यांच्या घरची असायची.

"आज इचा हात गेला," त्या म्हणाल्या. "उद्या कोनाची मान जाईन, सांगता येते का?"

त्या दिवशी अंगणवाडीच्या दीपानं एकाच गंजात चहा केला. दीपा बौद्धवाड्यातली. तिच्या हातचा चहा कुणब्यांच्या बायांनी मुकाट्यानं घेतला, दोन्ही वस्त्यांच्या बाया गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. सत्यभामेला आपल्या सासूचे दिवस आठवले. तेव्हा बौद्धवाड्यातल्या बाईच्या घागरीत पाणी वरून ओतत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात दुखतो म्हणून आलं असेल, असं बाकीच्यांना वाटलं.

दारू गावात दोन ठिकाणी मिळायची. नाल्याकाठी बसंतीबाईच्या झोपडीत मोहाची, आणि गावाच्या मधोमध अतुलच्या किराणा दुकानात, कांद्याच्या पोत्यामागे, बाटलीतली. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. अतुल विमलताईंचा पुतण्या. त्या दिवशी सतरंजीवर बसंतीबाईचं नाव निघालं, अतुलचं निघालं नाही. कोणी ठरवून टाळलं असं म्हणता येणार नाही. ते नाव कोणाच्या जिभेवर आलंच नाही, एवढंच.

प्रत्येकीनं एकेक काठी घ्यायची ठरलं. सत्यभामेचा हात गळ्यात बांधलेला. मग विमलताईंनी शाळेतून कवायतीची शिट्टी मागवली आणि दोरीसकट तिच्या गळ्यात घातली.

"तू शिट्टी मार. तुह्या शिट्टीवर आमी निघू."

सत्यभामेच्या हाकेवर आजवर घरातलं कुत्रंही उठलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं शिट्टी फुंकली आणि दोन वस्त्यांतली कवाडं एकदम वाजली. कोणी कणकेच्या हातानं आली, कोणी ओल्या केसांनी. तिनं सगळीकडं नजर फिरवली. तिच्या छातीत काहीतरी उघडलं. चाळिशी उलटेपर्यंत तिथं असं काही आहे हे तिला माहीत नव्हतं.

बसंतीबाई जातीची कोलाम. तिच्या माणसांचा पोड, म्हणजे आदिवासी वस्ती, तिकडे जंगलात. नवरा बबनरावांच्या वडिलांकडे सालगडी म्हणून आला, मेला इथेच, आणि ती नाल्याकाठी राहून गेली. गावातली अर्धी लेकरं तिच्या हातात पडलेली. सत्यभामेची थोरली, सलोनी, पायाळू आली होती. नाला भरून वाहत होता, गाडी जाईना. बसंतीबाईनं आत हात घालून ते लेकरू फिरवलं होतं. ते हात सत्यभामेला पक्के ठाऊक होते. काळे, रुंद, बोटांची पेरं वळलेली, आणि इतके हलके की दुखत असतानाही बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी बसंतीबाईनं मडकी स्वतःच बाहेर आणून ठेवली.

"फोडा माय. तुमचे नवरे सुधरत असन तं फोडा."

"मावशी, एक घोट ठेवजा व माह्यासाठी," रुपाली म्हणाली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पण तोंडाची तिखट. सगळ्या हसल्या, बसंतीबाईही हसली. मडकी फुटली, आंबूस गोड वास सुटला, आणि बाया गाणी म्हणत परतल्या. त्या संध्याकाळी मारोती सरळ घरी आला, मान खाली घालून जेवला. सत्यभामा शिट्टी उशाखाली घेऊन निजली.

त्या वासानं तिला झोप लागेना. तिचं माहेर मारेगावकडचं. उन्हाळ्यात पहाटे आईसोबत ती मोहफुलं वेचायला जायची. फुलं वाळवून पिठात घालून आई भाकर थापायची, गुळाची गरज पडायची नाही. मोहाच्या झाडाखाली आई पायातलं काढून ठेवायची. आता आई नाही, ते झाडही नाही.

बसंतीबाईनं महिन्याभरानं परत भट्टी लावली. खायचं काय, हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. बाया परत गेल्या. या वेळी मडकी बाहेर यायची वाट कोणी पाहिली नाही. त्यानंतरच्या खेपेला पिण्याच्या पाण्याचा माठ फुटला. "चुकून लागली काठी," रुपाली म्हणाली, आणि ते खरं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा माठ फुटला. तेव्हा चुकून लागली असं कोणी म्हटलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मग चुलीवरचं वरण उपडं झालं. पहिल्या दिवशी "मावशी" म्हणणाऱ्या बाया आता "ए कोलामनी" म्हणू लागल्या. सगळं एकदम झालं असतं तर एखादी तरी म्हणाली असती की बाई, हे काय? पण दर वेळचं पाऊल मागच्या पावलाच्या जरासंच पुढे असायचं.

आणि खरं सांगायचं तर बरं वाटायचं. घरी मारोतीच्या टाळक्यात काठी घालता येत नव्हती. इथे मडक्यात घालता येत होती. मडकं फुटताना सत्यभामेला त्याचं तोंड दिसायचं. बाकीच्यांना कोणाकोणाची तोंडं दिसत होती ते त्यांनाच ठाऊक. पेपरात फोटो आला. तालुक्याहून साहेब आले, शाल-नारळ दिला, सगळ्यांना एकसारखी गुलाबी लुगडी मिळाली. फोटोत सत्यभामा मध्ये होती, ओठांत शिट्टी धरून.

मारोती मात्र महिन्यात पहिल्यासारखा झाला. मोहाची मिळेना तर अतुलकडची. सत्यभामेनं एकदा हातपंपावर विमलताईंना एकटं गाठलं.

"ताई, आमच्या घरचे आता अतुलकडून पिऊन येऊन राह्यले."

विमलताईंनी घागर भरून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "अतुलची सीलबंद असते, सत्यभामा. सरकारी. मोहाची म्हंजे निव्वळ जहर. कोनाचे डोळे गेले तं?"

"हो, ते हाये म्हना."

"आधी हे निस्तरू. मग पाहू त्याचं."

सत्यभामेनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. पण विमलताईंनी तिची घागर स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, आणि त्या हातांपुढे तिला काही बोलता आलं नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी बसंतीबाई मागच्या दारानं आली. पदरात सीताफळं होती, शेवटच्या बहराची, बारकी. सत्यभामेचं पलस्तर निघालं होतं, पण हात पुरता वळत नव्हता. बसंतीबाईनं न विचारता तो मांडीवर घेतला, कमरेची बाटली काढून मोहाच्या बियांचं तेल चोळायला लागली. जिनं आपली भट्टी फोडायची शिट्टी मारली तिचाच हात.

"एक काम होतं, पोरी," ती म्हणाली. "माह्या झितरूचं कराचं राह्यलं."

झितरू तिचा एकुलता एक. हैदराबाद रोडवर ट्रकवर क्लीनर होता. त्या उन्हाळ्यात आदिलाबादच्या अलीकडे गाडी उलटली, आणि पोरगा चादरीत गुंडाळून घरी आला. बसंतीबाईच्या घराण्यात असं होतं की नवी ज्वारी घरात आली म्हणजे मेलेल्याच्या नावानं सोयरे जमवायचे, घरच्या मोहाची धार द्यायची. धार दिल्याशिवाय तो माणूस आपल्या देवांत जाऊन बसत नाही, बाहेरच फिरत राहतो. दुकानातली बाटली त्याला चालत नाही. आईनं गाळलेलीच पाहिजे.

"येत्या बुधवारी सोयरे येऊन राह्यले. एकच मडकं लावीन. इकाले नाही व. एक थेंब नाही इकनार. तू तुह्या बायांले सांगून ठेवजो. त्या दिवशी तेवढ्या येऊ नोका म्हनावं."

"सांगतो मावशी."

"तू मुकादमीन हायस त्यायची. तुह्या शिट्टीवर चालतेत त्या."

"सांगतो ना. तुमी बिनघोर करा."

बसंतीबाई उठली. जाताना तिनं सत्यभामेची बोटं एकेक करून वळवून पाहिली. "आता वळते," ती म्हणाली.

मंगळवारी अंगणवाडीत बैठक होती. सत्यभामा घरून वाक्य जुळवूनच निघाली होती: उद्या बसंतीमावशीच्या घरी पोराचं कार्य हाये, उद्या जायचं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. दीपानं आधी प्रजासत्ताक दिनाच्या सत्काराचं पत्र वाचून दाखवलं. मग लुगड्यांवर कोणतं पोलकं, यावर बोलणं रंगलं. मध्येच एकीनं बसंतीबाईचा विषय काढला, की म्हातारी एकटी आहे, पोरगाही गेला, आता थोडं सैल सोडावं का?

"सोडा ना," रुपाली म्हणाली. "ज्यायचे नवरे तिथून भरून येतेत त्यायलेच तिचा कळवळा येते, पाहा."

हशा पिकला. विचारणारी लाजली, पदर तोंडाला लावून तीही हसली. सत्यभामाही हसली. ते जुळवलेलं वाक्य तिच्या घशाशी आलं होतं, हसण्याबरोबर खाली गेलं. तिचा स्वतःचा नवरा तर सगळ्यांत जास्त भरून यायचा. आपण बोललो तर काय म्हणतील, या एवढ्याशा गोष्टीनं तिची जीभ धरली. उद्या सकाळी विमलताईंना एकटं गाठून सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

त्या संध्याकाळी मारोती डोळे लाल करून आला. खुंटीवरची शिट्टी काढून त्यानं तिच्या तोंडाशी धरली.

"वाजव ना! वाजव आता! पाहू कोन येते तुह्या बापाचं!" आणि एक थोबाडीत ठेवून दिली. तिनं शिट्टी वाजवली नाही. स्वतःसाठी ती वाजवता येते, हे तिला सुचलंच नाही.

बुधवारी सकाळी ती सुजलेला गाल घेऊन विमलताईंकडे गेली नाही. दुपारी नाल्याकडून ढोल ऐकू आला. झाडीतून धूर वर चढला. थोड्याच वेळात बाया तिच्या अंगणात.

"ढोल लावून इकून राह्यली आता ते!" रुपाली म्हणाली. "पंचवीस-तीस गडी जमलेत तिथं, म्या आपल्या डोयानं पाह्यलं. शिट्टी कुठं हाये? का मारोतीभाऊनं गिळली?"

सत्यभामेच्या गालाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. विमलताई पुढे आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं.

"काहून व? काही सांगाचं हाये का तुले?"

एवढ्या मायेनं तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि आता सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. साऱ्या बाया कमरेला पदर खोचून उभ्या होत्या, श्वास जोरात चाललेले. गालावरच्या सुजेमुळे त्यांच्या नजरेत तिच्यासाठी कीव होती, आणि ती कीव तिला सहन होईना.

"काही नाही ताई," ती म्हणाली, आणि खुंटीवरची शिट्टी काढून जोरात फुंकली.

नाल्याकाठी गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. म्हातारे कोलाम गोल बसले होते, बायांच्या मांडीवर लेकरं होती. मधोमध नव्या ज्वारीची रास, तिच्यावर झितरूचा दुमडून ठेवलेला शर्ट. झोपडीच्या दारात चूल आणि चुलीला लागून गाळलेल्या मोहाचं मडकं. झितरूच्या नावाची धार अजून द्यायची होती. पुढच्या दोघी-तिघी ते पाहून थबकल्या, हे खरं. पण मागून येणाऱ्यांना ते दिसत नव्हतं, त्यांचा रेटा होता. आणि सत्यभामेची शिट्टी चालूच होती. ती तोंडातून काढायचं तिला भान नव्हतं, की धीर नव्हता.

रुपालीची काठी मडक्यावर बसली. मडकं आडवं झालं, आतलं सारं चुलीत सांडलं. जाळाची निळी जीभ निघाली आणि कुडाला लागली. वाळलं गवत ते. कोणी ओरडलं, कोणी लेकरं उचलली. बसंतीबाई शर्टाकडे धावली. ज्वारीची रास विस्कटली होती, शर्टाच्या बाहीला जाळ लागला होता. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी दाबून विझवला. विझला तोवर हात हात राहिले नव्हते.

झोपडी बसली तसा सगळा आवाज बसला. बसंतीबाईनं हात पुढं धरले होते, जणू कोणाला काही द्यायचं आहे. तिनं बायांमध्ये एकच तोंड शोधलं.

"सत्यभामे," ती म्हणाली. ओरडली नाही. "सांगतलं नाही तू?"

सगळ्या वळल्या. विमलताई, दीपा, रुपाली. वाटलं असतं तर त्या क्षणाला सत्यभामा खरं सांगू शकली असती. मडकं फुटलं होतं, घर जळालं होतं, एक शब्द तरी शाबूत राहिला असता.

"मले काही सांगतलं नाही इनं," सत्यभामा म्हणाली.

बसंतीबाईनं पुढं धरलेले हात खाली घेतले. तिच्या माणसांनी तिला उचललं.

परतताना गाणी नव्हती. बाया हातपंपापर्यंत आल्या. तिथे रुपालीनं पाय धुतले आणि म्हणाली, "दारू ते. भडकनारच. माही काठी नसती लागली तरी भडकली असती."

"घरात भट्टी लावाचीच कायले?" दुसरी म्हणाली.

"कार्य असन तं सांगावं मानसानं," दीपा म्हणाली. "आपन काय राक्षस हाओत का? सांगतलं असतं तं गेलो नसतो."

"तेच तं," विमलताई म्हणाल्या, आणि त्यांनी सत्यभामेकडे पाहिलं नाही. त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच थोडंथोडं कळलं होतं. पण सत्यभामेनं जे म्हटलं त्यात प्रत्येकीला उभं राहायला जागा होती, म्हणून ते कोणी हलवलं नाही. पोलीस ठाण्याहून बीटचा जमादार आला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, की भट्टी आपोआप उडाली, आम्ही विझवायला गेलो होतो. दोन दिवसांनी विमलताईंनी बसंतीबाईच्या झोपडीच्या छपरासाठी टिनाची पानं पाठवली. ती कोणी उतरवून घेतली नाहीत. नाल्याकाठी कोणी उरलंच नव्हतं.

पुढं कोणाचं काही वाईट झालं नाही. लोक म्हणतात पाप फिरून येतं. टेंभीझरीत ते आलं नाही.

विमलताई पुढच्या निवडणुकीत सरपंच झाल्या. चांगल्या सरपंच झाल्या. कोलामांच्या पोडापर्यंत नळ त्यांनीच नेला. अतुलनं हायवेवर परमिट रूम टाकली. उद्घाटनाचा नारळ घरच्याच माणसानं फोडावा म्हणून काकूंना बोलावलं, त्या गेल्या. दीपा सुपरवायझर होऊन यवतमाळला गेली, लोहाऱ्याकडे तिचं घर आहे. तिच्या मुलाच्या लग्नात दोन्ही वस्त्यांच्या बाया एका पंगतीला बसल्या. ती सतरंजी तेवढी खरी ठरली. रुपालीला दोन लेकरं झाली, दोन्ही दवाखान्यात. मोठी गोड बाई झाली आहे. कोणाचं दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री धावते.

मारोतीनं दोन हजार एकोणीसला दारू सोडली. बाया गेल्या म्हणून नाही, डॉक्टरनं पोटाचा फोटो दाखवला म्हणून. आता तो लोकांना व्यसनमुक्तीवर चार शब्द सांगतो आणि आपल्या बायकोच्या पथकाचं नाव घेतो.

बसंतीबाई पोडावर भावाच्या घरी राहिली. तिचे हात मिटून गेले. बोटं एकमेकांना चिकटली, घासही दुसऱ्यानं भरवावा लागे. पोडावर त्यानंतर कोणाचं लेकरू अडलं तर ती दाराशी बसून राहायची, आत जायची नाही. झितरूचं राहिलंच. आईनं गाळलेली हवी, आणि आईला हात नव्हते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली.

त्याआधी एकदा सत्यभामेला ती पांढरकवड्याच्या बाजारात दिसली होती. भाची तिला पाणी पाजत होती. सत्यभामा पुढे झाली, पाया पडली. बसंतीबाईनं वर पाहिलं.

"सलोनी बरी हाये?" तिनं विचारलं.

"बरी हाये मावशी. लेकरू होनार हाये तिले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला तोंड फिरवलं. त्या दिवशीचं विचारलं नाही. सत्यभामा वाट पाहत उभी होती, की आता विचारेल, मग आपण सांगू. तिनं विचारावं म्हणून ती बराच वेळ उभी राहिली. भाचीनं मग ग्लास रिकामा करून पिशवीत ठेवला, आणि दोघी गाडीकडे गेल्या.

शिट्टी अजून खुंटीवर आहे. दर प्रजासत्ताक दिनाला झेंड्याआधी पथकाला बोलावतात आणि सत्यभामेला शिट्टी मारायला लावतात. ती मारते. आता तिचा हात पुरता वळतो.